नळीतलं पाणी

गेल्या आठवड्यात मेसमध्ये एक सिनेमा लागला होता. नायक पुलावरून नदीत उडी घेतो, वरून पाच-सहा जण पाण्यात गोळ्यांचा पाऊस पाडतात आणि पाण्याखाली पांढऱ्या फेसाच्या रेघा त्याच्या कानाजवळून सर्रकन तळाकडे जात राहतात. हे दृश्य आपण सगळ्यांनी शंभर वेळा पाहिलं असेल. या वेळी मात्र त्यावरून जेवणाच्या टेबलावर वाद पेटला. एकाचं म्हणणं, गोळी पाण्यात अशीच जाते, फक्त जरा हळू. दुसऱ्याचं म्हणणं, पाण्यात बुडलेली रायफल मुळात चालणारच नाही, दारू ओली होईल ना! दोघंही चुकत होते. सिनेमावाल्यांचं सोडून द्या, त्यांचं पोट त्यावर आहे. पण हे दोघं असे अधिकारी, की ज्यांची माणसं इथे ब्रह्मपुत्रेच्या काठावर रोज रायफल घेऊन होडीत चढतात. (नेमकं ठिकाण सांगणार नाही, नेहमीचे वाचक समजून घेतील.)

म्हणून हा लेख. माजी सैनिक वाचकांना यातलं बरंच ठाऊक असेल. तरी वाचा, कारण शेवटी तुमच्यातल्याच एका सुभेदार साहेबांची गोष्ट आहे.

आधी दारूचं बघू. चूल पाण्यात पेटत नाही, कारण लाकडाला जळायला हवा लागते. काडतुसातल्या दारूला बाहेरची हवा लागत नाही, लागणारा ऑक्सिजन तिच्या घटकांमध्येच असतो. आणि सैन्याचं काडतूस म्हणजे एक घट्ट बंद डबी असते. पितळेच्या पुंगळीच्या तोंडात गोळी दाबून बसवलेली, मागच्या टोपीभोवती वॉर्निशचा थर दिलेला. नदीत पडलं, काढलं, इतक्याने आत पाणी जात नाही. त्यामुळे पाण्याखाली घोडा दाबला तर गोळी बहुतेक वेळा सुटते. कधी कधी फायरिंग पिनच्या वाटेत पाणी साठतं, पिन जोराने पुढे जाऊ शकत नाही आणि टोपीवर अर्धवट टोला बसतो. तसं झालं तर मिसफायर. एरवी धडाका होतोच.

आता गोळीचं. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट. हवेत जी गोळी शेकडो मीटर आरामात जाते, तिच्यासमोर एकदम 800 पट दाट भिंत उभी राहते, आणि गोळी जितकी वेगात असेल तितका ती भिंत जास्त विरोध करते. वेग दुप्पट तर विरोध चौपट. त्यात आणखी एक भानगड आहे. रायफलच्या आट्यांमुळे गोळीला भोवऱ्यासारखी गिरकी मिळते आणि त्या गिरकीमुळेच ती नाकासमोर सरळ जाते. पण ती गिरकी हवेच्या हिशेबाने दिलेली असते, पाण्यात ती पुरत नाही. गोळी शिरते, डगमगते, आडवी होते आणि बरेचदा तिचे तुकडे होतात.

‘मिथबस्टर्स’ या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात हे करून दाखवलं होतं. वेगवान रायफलींच्या गोळ्या तीन फूट पाण्याच्या आतच फुटून संपल्या, आणि पिस्तुलासारख्या संथ गोळ्या मात्र आठेक फुटांपर्यंत धोकादायक राहिल्या. जास्त ताकदीची गोळी आधी मेली. डोक्याला पटत नाही, पण पोटावर आपटून पाण्यात उडी मारलेल्या कुणालाही पटेल. तेव्हा खोल बुडी मारलेल्या नायकाच्या कानाजवळून जाणाऱ्या त्या रेघा विसरा.

मात्र याचा अर्थ ‘पाण्यावर मारलेली गोळी पाण्यातच राहते’ असा काढू नका. हा गैरसमज मला सर्वांत धोकादायक वाटतो. लहानपणी नदीकाठी चपटा दगड फेकून त्याचे टप्पे मोजले असतील, तर मुद्दा लगेच कळेल. गोळी पाण्याला अगदी तिरप्या कोनात लागली तर आत न शिरता उसळी घेते आणि पुढे जाते. दुसऱ्या महायुद्धात, मे 1943 मध्ये, ब्रिटिशांनी जर्मनीतली धरणं फोडली ती पाण्यावर टप्पे घेत जाणाऱ्या बॉम्बने, तत्त्व तेच. इथे काठावरून किंवा होडीतून नदीच्या पात्रात गोळी मारली की कोन जवळजवळ सपाटच असतो. आणि पलीकडच्या वाळूच्या चापोरीवर लोक राहतात. गुरं असतात, मुलं असतात. ‘कुछ नहीं साब, पानी में मारा’ असं मला कोणी म्हटलं की माझा आवाज चढतो.

स्फोटाचं गणित तर पाण्यात पूर्ण उलटं होतं. जमिनीवर ग्रेनेडचा मुख्य धोका तुकड्यांचा. पाण्यात तुकडे लगेच थांबतात, पण दाब लांबवर जातो. खडकवासल्याच्या तलावात डुबकी मारलेली असताना लांबच्या मोटरबोटीचा आवाज थेट कानातच वाजल्यासारखा यायचा, ते अकादमीतल्या मित्रांना आठवत असेल. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे 1,500 मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त. तसाच दाब. तो माणसाच्या शरीरात जिथे हवा आहे तिथे घाव घालतो, म्हणजे कान, फुप्फुसं, आतडी. बाहेरून खरचटलेलंही दिसत नाही.

पाण्याखाली खरोखर लढायचं तर वेगळंच शस्त्र लागतं. सोव्हिएत नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांसाठी 1970 च्या दशकात ‘एपीएस’ नावाची रायफल बनली. तिची नळी गुळगुळीत, आटे नाहीतच. आणि गोळी म्हणजे अक्षरशः खिळा, 5.66 मिलिमीटर जाड, 120 मिलिमीटर लांब, टोक बोथट. टोकदार नाही, बोथट. त्या बोथट टोकामुळे पाणी बाजूला फेकलं जातं, खिळ्याभोवती पोकळी तयार होते आणि तिच्यातून तो सरळ जातो. इतकं करूनही पाच मीटर खोलीवर मारा 30 मीटर, वीस मीटर खोलीवर 20, आणि चाळीस मीटरवर जेमतेम 11. जसजसं खोल जावं तसतसं वरच्या पाण्याचं ओझं त्या पोकळीला दाबून टाकतं. त्याच रायफलने हवेत गोळीबार केला तर नेम धड लागत नाही आणि रायफल फार लवकर झिजते. म्हणजे दोन्हीकडचं शस्त्र बनवणं किती अवघड, बघा.

पण आपल्यापैकी किती जण पाण्याखाली लढणार आहेत? नौदलाचे मार्कोस सोडले तर कोणीच नाही. पायदळाच्या जवानाला पाण्याचा खरा धोका पाण्यातून बाहेर आल्यावर असतो. नळीत राहिलेल्या पाण्याचा.

इन्सासची नळी सुमारे 46 सेंटीमीटर लांब, व्यास 5.56 मिलिमीटर. हिशेब केलात तर ती पूर्ण भरायला साधारण 11 मिलिलिटर पाणी लागतं. चहाचे दोन चमचे. दोन चमचे पाण्याने काय होणार, असं वाटतं. पण त्याचं वजन होतं 11 ग्रॅम आणि गोळीचं वजन आहे 4 ग्रॅम. गोळीला स्वतःच्या जवळजवळ तिप्पट वजन एका क्षणात पुढे ढकलायचं आहे. हवा दाबली जाते, सरकते. पाणी दाबलं जात नाही आणि इतक्या झटक्यात सरकतही नाही. गोळी अडखळते, मागून वायूचा रेटा वाढतच असतो, आणि तो सगळा भार नळीच्या भिंतीवर येतो. नशीब बरं असेल तर नळी फुगते. नसेल तर फुटते, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर.

आणि नळी अरुंद असल्याने हे पाणी आपोआप गळून जात नाही. शहाळ्यातली स्ट्रॉ वरून बोटाने दाबून उचलली की आतलं पाणी तसंच राहतं, तसं. चेंबरमध्ये गोळी असेल तर वरचं बोट लागलेलंच आहे! म्हणून नळी खाली करून कॉकिंग हँडल थोडं मागे ओढायचं. मागून हवा शिरते आणि पाणी उतरतं. तीन सेकंदांचं काम.

हे मी इतकं रंगवून सांगतोय, कारण एकदा मी हे सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी मेजर होतो, अशाच एका नदीकाठी. पावसाळ्याआधी कंपनीला नदी ओलांडण्याचं प्रशिक्षण दिलं. दोर, तराफा, कपड्यांचं गाठोडं, सगळं व्यवस्थित. नळीच्या तोंडावर बसवायला एमआय रूममधून निरोधची पाकिटं मागवली. हा जगभरातल्या सैनिकांचा जुना उपाय आहे. पातळ रबर गोळीला आडवं येत नाही आणि पाणी, चिखल बाहेर राहतो. मागणीचा आकडा बघून डॉक्टरांनी फोन करून माझी जी चौकशी केली ती इथे लिहिण्यासारखी नाही. तर, नळी रिकामी करण्याचा धडाही झाला. मीच घेतला. ‘नदी पार करने के बाद, बैरल नीचे, हँडल पीछे, पानी बाहर.’ सगळ्यांनी दहा-दहा वेळा करून दाखवलं. मी रजिस्टरवर सही केली.

दोन महिन्यांनी गस्तीची एक होडी वाळूत रुतली. चार जण ढकलायला खाली उतरले. त्यातला एक विशीतला पोरगा पाय घसरून पाण्यात गेला, लगेच उठला, हसला, होडी निघाली. परतल्यावर त्या तुकडीचा थेट रेंजवर फायरचा पाळा होता. सकाळी निघण्याआधी त्याने पुलथ्रूने चिंदी मारली होती, म्हणून पुन्हा मारली नाही. पहिल्याच गोळीला आवाज वेगळा आला. कोरडा कडाका नाही, काहीतरी जाड. रेंजवरच्या हवालदाराच्या कानाने ते पकडलं आणि त्याने दुसरी गोळी होऊ दिली नाही. त्या माणसाचा मी आजही ऋणी आहे. नळी मध्यावर फुगली होती, सापाने उंदीर गिळल्यासारखी. पोराला काही झालं नाही.

चौकशी झाली. मी समोर बसलो होतो. त्याला विचारलं, नळी रिकामी करायला शिकवलं होतं का? ‘जी साब.’ कधी करायची असते? ‘नदी पार करने के बाद, साब.’ मग का नाही केली? तो खरोखर गोंधळला. म्हणाला, ‘साब, नदी पार नहीं की थी. हम तो नाव में थे.’

तो बरोबर होता. मी जे शिकवलं ते त्याला शब्दन् शब्द पाठ होतं. चूक माझ्या धड्यात होती. मी त्याला ‘कधी’ आणि ‘कसं’ सांगितलं, ‘का’ नाही. दोन चमचे पाणी आणि चार ग्रॅमची गोळी एवढं जरी सांगितलं असतं, तरी पाण्यात पडल्यावर त्याचा हात आपोआप हँडलवर गेला असता. मग ती नदी असो, डबकं असो, की रात्रभराचा पाऊस.

आता यावर जुन्या उस्तादांचं एक उत्तर ठरलेलं आहे आणि ते फालतू नाही. एका प्रशिक्षण तळावर, नाव नको, मी हाच ‘का’ विचारला होता तेव्हा मला उत्तराऐवजी वीस फ्रंट रोल मिळाले. नंतर चहा पिताना त्याच उस्तादांनी मला बाजूला घेऊन समजावलं, की गोळ्या सुटायला लागल्या की माणसाचं डोकं बंद पडतं, तेव्हा हात जे शिकलेत तेच करतात. कारणं आठवत बसलेला सैनिक मरतो. वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर मी सांगतो, हे खरं आहे. मी स्वतः अशा एका सकाळी केवळ सवयीमुळे वाचलोय.

पण सवय फक्त ओळखीच्या प्रसंगात कामाला येते. हाताला कोणत्या खुणेवर जागं व्हायचं ते आधी कोणीतरी शिकवावं लागतं, आणि मी शिकवलेली खूण होती ‘नदी’. खरी खूण होती ‘पाणी’. कारण ठाऊक असेल तरच खूण नीट निवडता येते. कवायत नको असं मी म्हणत नाही. कवायतीच्या आधी पाच मिनिटं फळा आणि खडू द्या, इतकंच. आपली पोरं आता बारावी शिकून येतात, काही पदवीधर असतात. दोन चमच्यांचा हिशेब त्यांना माझ्याइतकाच कळतो. ‘जवानाला जास्त सांगू नये, गोंधळतो’ हे आपण अधिकारी म्हणतो, तेव्हा बरेचदा खरी अडचण वेगळी असते. आपल्यालाच कारण माहीत नसतं. मेसमधला तो वाद आठवा.

माझ्या कंपनीत त्यानंतर एक बदल केला, तो आजतागायत पाळतो. वर्गात एक स्ट्रॉ आणि पाण्याचा पेला नेतो, आणि फुगलेल्या नळीचा फोटो. रजिस्टरवर सही त्यानंतर.

आता सुभेदार साहेबांची गोष्ट. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीकडे कृष्णेला महापूर आला तेव्हा मी असाच दूर, ईशान्येत होतो. पूर ओसरल्यावर फोन आला. हे आमच्या जुन्या पलटणीतले, निवृत्तीनंतर एका बँकेत सुरक्षारक्षक. स्वतःची परवान्याची बारा बोअर. ‘रामराम साहेब. घरात छातीएवढं पाणी होतं बघा. बंदूक चार दिवस पाण्यात होती, काडतुसं पण. सगळं गच्चीवर वाळत टाकलंय. वाळली की चालतील ना?’

मी विचारलं, गच्चीवर आणखी काय आहे? गहू होता, गाद्या होत्या, नातवाची शाळेची पुस्तकं होती. आणि त्यांच्या शेजारी, उन्हात, वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेली काडतुसं.

बुडालेला दारूगोळा मेला, असं समजणं जितकं चुकीचं तितकंच वाळवला की बरा झाला समजणं. इंग्लंडमध्ये टेम्स नदीच्या मुखाशी ‘रिचर्ड माँटगोमेरी’ हे जहाज 1944 मध्ये दारूगोळ्यासकट रुतून बुडालं. आत अजून सुमारे 1,400 टन स्फोटकं आहेत आणि इतक्या वर्षांनीही त्याच्या जवळ जायला मनाई आहे. आपल्या मणिपुरात दुसऱ्या महायुद्धातले बॉम्ब आजही मातीतून निघतात, आणि आपले लोक ते जिवंत समजूनच हाताळतात.

बारा बोअरचं काडतूस तर सैन्याच्या काडतुसाइतकं बंद नसतंच. प्लॅस्टिकची पुंगळी, पुढचं तोंड घडी घालून मिटलेलं. चार दिवसांत पाणी किती आत गेलं ते बाहेरून कळत नाही, वाळवल्यावर तर मुळीच नाही. एखादं नेहमीसारखं उडेल. एखादं अजिबात उडणार नाही. एखादं घोडा दाबल्यावर क्षणभर थांबून उडेल, तोवर माणसाने नळी खाली करून बघायला सुरुवात केलेली असते. आणि एखाद्यातली दारू अर्धवट जळून छर्रे किंवा डाट नळीतच अडकेल, मग त्याच्यामागून दुसरं काडतूस उडवलं की बारा बोअरची पातळ नळी फाटते. शिवाय पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं, गाळ असतो. रुंद नळीतलं पाणी वाहून जातं, गाळ आत सुकून बुचासारखा बसतो.

म्हणून मी म्हटलं, साहेब, एकही वापरू नका. पलीकडे शांतता. मग म्हणाले, ‘नवीन घ्यायची म्हणजे परवान्याच्या नोंदी आल्या, पैसे आले. घरात भांडंसुद्धा राहिलं नाही, साहेब.’ त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी विचारलं, ‘पण का नाही चालणार, ते तरी सांगा.’

तीस वर्षं ‘का’ विचारणाऱ्यांना मैदानाला चक्कर मारायला लावणारे हे सुभेदार साहेब. मी हसलो नाही. पंधरा-वीस मिनिटं सगळं सांगितलं, पुंगळी, टोपी, दारू, गाळ. मध्ये मध्ये त्यांचं ‘हां’ येत होतं. शेवटी ते फोन कानाला तसाच धरून मागे वळून ओरडले, ‘अरे, हात लावू नको त्याला! इकडे ये आधी!’ नातू सकाळपासून काडतुसं उलटीपालटी करून ऊन दाखवत होता.

दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो आला. बंदूक उघडलेली, नळीतून निघालेला सुकलेल्या गाळाचा बोटभर ढेकूळ कागदावर ठेवलेला, आणि शेजारी पोलीस ठाण्यात काडतुसं जमा केल्याच्या अर्जाची पोच. खाली लिहिलं होतं, ‘साहेब, लाकडी दस्ता फुगलाय. तो वाळवला तर चालेल ना?’

तो चालेल म्हणून कळवलं. सावलीत, सावकाश.